हजारो सेन्सर, एकच वही: मत द्यायचं कोणी?

बहुतेक लसी कारखान्यातून निघाल्यापासून टोचल्या जाईपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात. म्हणून त्यांच्या खोक्यात एक सेन्सर ठेवतात, आगपेटीएवढा. तो बहुतेक वेळ झोपलेला असतो. दर दहा मिनिटांनी उठतो, तापमान मोजतो, आकडा ट्रकमधल्या गेटवेकडे (सेन्सरचे निरोप पुढे इंटरनेटवर पोचवणाऱ्या यंत्राकडे) पाठवतो आणि पुन्हा झोपी जातो. या सगळ्याला एक सेकंदही लागत नाही. नाण्याएवढ्या बॅटरीवर त्याला महिनोन्‌महिने काढायचे असतात, त्यामुळे जागरणाइतकं महाग त्याच्यासाठी दुसरं काही नाही.

समजा प्रवासात एकदा आकडा आला ११. लस बनवणारी कंपनी म्हणते, माल आमच्याकडून नीट निघाला. वाहतूकदार म्हणतो, असा आकडा आमच्याकडे आलाच नाही. गोदामवाला म्हणतो, खोकं आमच्या दारात आलं तेव्हा तापमान ६ होतं. रुग्णालयाला एवढंच कळायला हवं असतं की ही लस टोचायची की फेकून द्यायची. चौघांच्या चार वह्या आहेत आणि प्रत्येकाला आपल्या वहीत खाडाखोड करायची सोय आहे.

अशा वेळी चौघांची मिळून एकच वही असावी, तिच्यातलं मागचं पान कोणालाही गुपचूप बदलता येऊ नये, असं वाटतं. ब्लॉकचेन म्हणजे अशी वही. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा हॅश, म्हणजे त्या मजकुराचा आकड्यांतला ठसा, लिहिलेला असतो. मागे एक अक्षर जरी बदललं तरी पुढचे सगळे ठसे चुकतात. पण पुढचं पान कोणी लिहायचं, आणि ते सगळ्यांना मान्य झालं हे कसं ठरवायचं? त्याची रीत म्हणजे सहमतीची पद्धत, तंत्रज्ञांच्या भाषेत कन्सेन्सस. मुळात पैशांच्या ब्लॉकचेनमध्येही हा प्रश्न अवघड आहे. छोट्या छोट्या जोडलेल्या उपकरणांच्या जाळ्यात, म्हणजे आयओटीमध्ये, तो आणखी वेगळ्या तऱ्हेने अवघड होतो, कारण इथे मतदारच अर्धवट झोपेत असतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सगळे सेन्सर एकाच मालकाचे असतील आणि आकडेही तोच वाचणार असेल, तर ब्लॉकचेनची काही गरज नाही. साधा डेटाबेस आणि नियमित बॅकअप पुरतो. एकमेकांवर पुरता भरवसा नसलेल्या लोकांना एक वही वापरायची असेल, तरच पुढचा खटाटोप करण्यात अर्थ आहे.

सहीचं काम वेगळं, सहमतीचं वेगळं

या विषयात सर्वांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

सेन्सरमध्ये एक गुप्त की, म्हणजे डिजिटल किल्ली, असते. तो प्रत्येक आकड्यावर त्या कीने डिजिटल सही करतो. ११ चा आकडा वाटेत कोणी ७ केला, तर सही जुळणार नाही आणि लबाडी लगेच उघडी पडेल. मग सहमती कशाला हवी? कारण सही फक्त एवढंच सांगते की हा आकडा याच सेन्सरने दिला आणि तो बदललेला नाही. तो आकडा वहीत आला की नाही, कोणत्या आकड्याच्या आधी आला, आणि क्ष ला दाखवलेली वही य ला दाखवलेल्या वहीसारखीच आहे का, हे सहीला माहीत नसतं. वाहतूकदाराला ११ चा ७ करता येत नाही, पण तो ११ चा कागद खिशात ठेवून देऊ शकतो. किंवा एकाला एक वही दाखवू शकतो आणि दुसऱ्याला दुसरी. सहमती हा या दोन लबाड्यांवरचा इलाज आहे: नोंद गाळणं आणि दोन तोंडांनी बोलणं.

हा प्रश्न ब्लॉकचेनपेक्षा बराच जुना आहे. लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीज यांनी १९८२ साली तो बायझंटाइन सेनापतींच्या रूपकात मांडला. शहराला वेढा घालून बसलेल्या सेनापतींना निरोप्यांमार्फत ठरवायचंय की हल्ला करायचा की माघार घ्यायची, आणि त्यांच्यातच काही फितूर आहेत. त्यांचा निष्कर्ष आजही या क्षेत्राचा पाया आहे. निरोपांवर नक्कल न करता येणारी सही नसेल, तर एक फितूर पचवायला किमान चार जण लागतात, दोन फितुरांना सात, तीन फितुरांना दहा. म्हणजे फितुरांच्या तिप्पट अधिक एक.

सह्या वापरल्या की निरोपाची खोटी नक्कल करणं बंद होतं, पण निरोप किती वेळात पोचेल याचा भरवसा नसलेल्या खऱ्या नेटवर्कवर तिप्पट अधिक एक हाच हिशोब राहतो. का, ते आपल्या चौघांवरच बघू: कंपनी, वाहतूकदार, गोदाम, रुग्णालय. प्रत्येकाचा एकेक संगणक वहीची प्रत ठेवतो. एखाद्या पानावर मत घेताना चौघांचीही वाट बघून चालत नाही, कारण एक जण कायमचा गप्प बसला तर काम अडेल. म्हणून तीन मतांवर निर्णय घ्यावा लागतो. पण जो गप्प आहे तो लबाडच असेल असं नाही, कदाचित त्याचं नेटवर्क तेवढं मंद असेल. तेव्हा आलेल्या तीन मतांतही एक लबाडाचं असू शकतं. उरली दोन प्रामाणिक मतं, आणि दोन विरुद्ध एक म्हणजे बहुमत टिकलं. शिवाय चारांतले कोणतेही तीन आणि दुसरे कोणतेही तीन घेतले, तर त्यांच्यात किमान दोघं सामाईक निघतात, आणि त्या दोघांतला किमान एक प्रामाणिक असतो. तो प्रामाणिक माणूस एकाच पानासाठी दोन वेगळ्या मजकुरांना हो म्हणत नाही. म्हणून एका क्रमांकाची दोन पानं कधीच मंजूर होत नाहीत. तीनच जण असते तर हे गणित कोसळलं असतं.

चौघांची बैठक, पायरीपायरीने

या तत्त्वावर उभी असलेली सर्वांत प्रसिद्ध पद्धत म्हणजे पीबीएफटी (प्रॅक्टिकल बायझंटाइन फॉल्ट टॉलरन्स). मिगेल कास्त्रो आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी ती १९९९ मध्ये मांडली. आयओटीच्या ब्लॉकचेनवरचे लेख वाचायला घेतले की तिचं नाव किंवा तिची एखादी भाचरं-पुतणी भेटतेच, म्हणून ती आतून बघणं फायद्याचं आहे.

एका फेरीपुरता एक जण प्रमुख असतो. या वेळी समजा वाहतूकदार प्रमुख आहे. तो बाकी तिघांना सांगतो, ‘पान क्रमांक ५०० वर हा मजकूर लिहू या.’ ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीत बाकीचे तिघं एकमेकांना सांगतात, ‘मला ५०० साठी हा मजकूर मिळाला.’ प्रमुखाचं धरून तीन जण एकाच मजकुरावर आले, की प्रत्येकाला कळतं की या प्रमुखाच्या फेरीत या पानाचा दुसरा कोणताही मजकूर आता पुढे सरकू शकत नाही. तिसऱ्या पायरीत चौघंही जाहीर करतात, ‘मी तयार आहे.’ असे तीन निरोप हातात आले की पान पक्कं.

तिसरी पायरी अनेकांना उगाच घातल्यासारखी वाटते. तीच खरी गंमत आहे. दुसऱ्या पायरीनंतर मला समजलेलं असतं. पण इतरांनाही ते समजलंय, हे मला समजलेलं नसतं. त्याच क्षणी प्रमुख बंद पडला आणि नवा प्रमुख आला, तर त्याला मागची गोष्ट माहीत नसण्याचा धोका असतो. तिसरी पायरी झाल्यावर पुरेशा लोकांजवळ पुरावा जमा होतो आणि नवा प्रमुख कोणीही आला तरी त्याला तेच पान पुढे न्यावं लागतं.

आता वाहतूकदार लबाडी करतो. रुग्णालयाला तो ११ चा आकडा असलेलं पान पाठवतो, आणि कंपनी व गोदामाला तो आकडा नसलेलं पान पाठवतो. रुग्णालयाजवळ आपलं आणि प्रमुखाचं मिळून दोनच मतं होतात, ती पुरत नाहीत. दुसऱ्या पानाला तीन मतं मिळू शकतात, आणि मग तेच पक्कं होईल. वही एकच राहिली, पण ११ गळला. यावर उपाय हा की सेन्सरची सही असलेला आकडा गेटवेने एकट्या वाहतूकदाराकडे न देता चौघांकडे पोचवायचा. तो ठराविक वेळेत वहीत आला नाही, तर बाकीचे प्रमुख बदलतात आणि पुढचा प्रमुख तो घालतो. म्हणून गेटवे कोणाच्या मालकीचा आहे हा प्रश्न सहमतीच्या पद्धतीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि आराखडे करणारे लोक नेमके त्यालाच वरवर हात लावून सोडून देतात.

या पद्धतीची दुखरी जागा म्हणजे निरोपांची संख्या. चौघांच्या एका पानाला २४ निरोप लागतात. शंभर जण असतील तर १९,८००. दहा हजार उपकरणांना मताधिकार दिला तर एका पानासाठी जवळपास २० कोटी. माणसं दहापट वाढली की निरोप शंभरपट वाढतात. पुढे हॉटस्टफसारख्या पद्धती आल्या. त्यांत सगळे जण आपलं मत फक्त प्रमुखाकडे पाठवतात आणि प्रमुख सगळ्या मतांची एकच जोडसही बनवून परत वाटतो. त्यामुळे वाढ सरळ प्रमाणात होते. हा मोठाच सुधार आहे, पण तरीही प्रत्येक मतदाराला प्रत्येक फेरीला जागं राहावंच लागतं.

रेडिओचा हिशोब

हे निरोप जातात कशावरून, ते आकड्यांत पाहिल्याशिवाय अडचण नीट कळत नाही.

दूरवरच्या सेन्सरसाठी लोरावॅन नावाची रेडिओ पद्धत खूप वापरली जाते. तिचा पल्ला काही किलोमीटरचा आणि वीज अगदी कमी. पण युरोपमधल्या तिच्या सर्वांत मंद वेगात सेकंदाला साधारण २५० बिट जातात आणि एका निरोपात आपला मजकूर जास्तीत जास्त ५१ बाइट बसतो. आता गंमत बघा, आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या डिजिटल सहीचीच लांबी ६४ बाइट असते. म्हणजे तापमानाचा आकडा राहिला बाजूला, नुसती सहीसुद्धा एका निरोपात मावत नाही. असा पूर्ण भरलेला निरोप हवेत अडीच-तीन सेकंद राहतो. वर तिथल्या नियमांप्रमाणे बहुतेक वाहिन्यांवर एका उपकरणाने एकूण वेळेच्या १ टक्काच बोलायचं असतं, म्हणजे तासाला ३६ सेकंद. तासाला बारा-तेरा निरोप झाले की तोंड बंद.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोरावॅनमध्ये सेन्सर एकमेकांशी बोलतच नाहीत. प्रत्येक जण फक्त गेटवेशी बोलतो. तेव्हा सेन्सरनी आपसात मतदान करावं असं कागदावर कितीही छान दिसलं, तरी प्रत्यक्षात ती सगळी मतं गेटवेच्या हातूनच जाणार.

मेमरीचीही तीच रड. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने २०१४ मध्ये छोट्या उपकरणांचे वर्ग ठरवले, त्यातल्या पहिल्या वर्गात साधारण १० किलोबाइट रॅम आणि १०० किलोबाइट साठवण धरली आहे. शून्य नावाचा वर्ग त्याच्याही खाली. बिटकॉइनची पूर्ण वही पाचशे गिगाबाइटच्या वर गेली आहे.

आणि झोप. मायकल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकल पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलं की निरोप किती उशिरा पोचेल याला काहीच मर्यादा नसेल, आणि एक जरी सदस्य बंद पडू शकत असेल, तर दरवेळी नक्की निर्णयाला पोचेल अशी ठराविक चाकोरीची कोणतीही पद्धत असू शकत नाही. कारण समोरचा मेलाय की फक्त हळू आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. व्यवहारात वेळेची मुदत लावून किंवा नशिबाची चिठ्ठी टाकून यातून वाट काढतात. पण ज्या जाळ्यातले बहुतेक सदस्य मुद्दामच झोपलेले असतात, तिथे ‘मेला की झोपला’ हा प्रश्न रोजचाच होतो.

मग बिटकॉइनची पद्धत?

बिटकॉइनने २००९ मध्ये वेगळीच वाट दाखवली. मतदारांची यादीच ठेवायची नाही. ज्याला पान लिहायचंय त्याने एक आकड्यांचं कोडं सोडवायचं. कोडं सुटायला ढोर मेहनत लागते, पण सुटलेलं उत्तर तपासायला क्षणही लागत नाही. साधारण दर १० मिनिटांनी कोणीतरी जिंकतो, आणि दर २०१६ पानांनी कोड्याची काठिण्यपातळी बदलते. याला प्रूफ ऑफ वर्क म्हणतात. मेहनतीची कल्पना त्याआधीची आहे. १९९२ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी ती नकोशा ईमेलना लगाम घालण्यासाठी सुचवली होती.

मेहनत कशासाठी? तर एकाच माणसाने लाख खोटी नावं घेऊन लाख मतं देऊ नयेत म्हणून. नाव फुकट मिळतं, वीज फुकट मिळत नाही. आयओटीत ही भीती अजिबात पुस्तकी नाही. २०१६ साली मिराई नावाच्या विषाणूने कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, कारण त्यांचे कारखान्यातले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. भरात असताना सुमारे ६ लाख उपकरणं त्याच्या कह्यात होती, आणि त्या ऑक्टोबरात अशाच उपकरणांच्या जोरावर वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला होऊन अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. आता विचार करा, ‘एक उपकरण, एक मत’ असा नियम असता तर ती ६ लाख मतं कोणाची झाली असती?

पण मेहनतीचा इलाज सेन्सरला परवडणारा नाही. एखादा छोटा बोर्ड सेकंदाला १ लाख हॅश काढतो असं धरलं, तर बिटकॉइनचं जाळं सेकंदाला १ वर २० शून्यांपेक्षा जास्त हॅश काढतं. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजाप्रमाणे त्याचा वीजखप वर्षाला १०० टेरावॅट-तासांच्या वर गेलेला आहे. कोडं सोपं केलं तर सेन्सरला झेपेल, पण मग एखादा साधा लॅपटॉपसुद्धा त्या सगळ्या जाळ्यावर भारी पडेल. मधला रस्ता नाही. आयओटीसाठी ‘हलकं’ प्रूफ ऑफ वर्क असं कुठे वाचलं, तर ते कचरा निरोपांना आळा घालण्यापुरतं ठीक आहे. वहीचं रक्षण त्याने होत नाही.

प्रूफ ऑफ स्टेकमध्ये विजेऐवजी पैसा अडकवतात. इथेरियम हे बिटकॉइनसारखंच दुसरं मोठं जाळं १५ सप्टेंबर २०२२ ला या पद्धतीवर गेलं आणि त्याचा वीजखप ९९ टक्क्यांहून जास्त घटला. तिथे मताधिकारासाठी कमीत कमी ३२ इथर (तिथलं चलन) तारण ठेवावे लागतात आणि लबाडी केली तर त्यातला काही भाग जप्त होतो. उत्तम पद्धत आहे, पण तापमान मोजणाऱ्या खोक्याकडे तारण कुठून येणार? तारण मालक ठेवणार, म्हणजे मतही मालकाचंच.

इंटेलने आणखी एक वाट काढली होती. प्रत्येक संगणकातली सुरक्षित चिप चिठ्ठी काढावी तशी थांबण्याची वेळ ठरवते, ज्याची वेळ आधी संपेल तो पान लिहितो. वीज फारशी लागत नाही. पण सगळा भार एका कंपनीच्या चिपवर, आणि २०१८ मध्ये त्या प्रकारच्या चिपमधून गुपितं बाहेर काढता येतात हे संशोधकांनी दाखवून दिलं.

ज्यांनी खरंच करून पाहिलं

दोन प्रयोगांची हकीकत मला नेहमी सांगाविशी वाटते, कारण दोन्ही थेट उपकरणांसाठीच जन्माला आले होते आणि दोघांनीही प्रामाणिकपणे मोठी उडी घेतली.

आयोटा या प्रकल्पाने पानांची एकामागोमाग एक रांगच मोडून टाकली. नवा व्यवहार टाकणाऱ्याने आधीचे दोन व्यवहार तपासायचे आणि त्यांना दुवा द्यायचा, म्हणजे जाळं आपोआप विणलं जातं. बिटकॉइनसारखे कोडं सोडवणारे ‘खाण कामगार’ नाहीत, शुल्क नाही, जितके जास्त वापरणारे तितकी जास्त तपासणी. कल्पना फार सुंदर होती. अडचण ही की अशा जाळ्याला संरक्षण मिळतं ते सतत वाहणाऱ्या प्रामाणिक व्यवहारांमुळे, आणि सुरुवातीला तेवढी वर्दळ नसते. म्हणून आयोटा चालवणाऱ्या फाउंडेशनने कोऑर्डिनेटर नावाचा एक मध्यवर्ती पंच ठेवला, तो शिक्का मारेल ते पक्कं. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या वॉलेटमधून चोरी झाली तेव्हा फाउंडेशनने कोऑर्डिनेटर थांबवला, आणि पैशांचे व्यवहार काही आठवडे पक्के होऊ शकले नाहीत. चोरी रोखायला तो निर्णय योग्यच होता असं मला वाटतं, पण बटण एकाच हातात आहे हेही सगळ्यांना दिसलं. पुढे २०२५ मध्ये आयोटाने मूळ आराखडा बाजूला ठेवून तारण ठेवून मत देणाऱ्या निवडक प्रमाणकांची पद्धत स्वीकारली.

हेलियमची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१९ मध्ये या कंपनीने लोकांना घरात लोरावॅनचे हॉटस्पॉट, म्हणजे छोटे गेटवे, लावायला सांगितलं आणि सिग्नल पुरवल्याबद्दल टोकन, म्हणजे डिजिटल नाणी, द्यायला सुरुवात केली. सिग्नल खरंच पुरवला जातोय का, हे शेजारचे हॉटस्पॉट ऐकून साक्ष देत. सुरुवातीला वहीची सहमतीसुद्धा हॉटस्पॉटांतूनच निवडलेला एक गट करत असे. जाळं झपाट्याने वाढलं आणि ती छोटी यंत्रं वहीच्या ओझ्याखाली दबली. २०२१ मध्ये सहमतीचं काम वेगळ्या दमदार संगणकांकडे दिलं. मग हॉटस्पॉटवरून वहीची प्रतही काढून घेतली. एप्रिल २०२३ मध्ये तर सगळी वहीच सोलाना या दुसऱ्या ब्लॉकचेनवर हलवली. चार वर्षांत मताधिकार उपकरणाकडून पायरीपायरीने वर सरकत गेला. आणि जागेच्या खोट्या नोंदी करून टोकन लाटणारे लोक? ते प्रत्येक टप्प्यावर होते, कारण त्यांची लबाडी वहीत येण्याआधीच, हवेत घडत होती.

म्हणून मत कमी जणांना, तपासणी सगळ्यांना

माझं मत आता सरळ मांडतो. सेन्सरला मतदार करायचा अट्टहास सोडावा. मत द्यावं ते कायम वीज आणि चांगलं नेटवर्क असलेल्या यंत्रांनी, आणि ती वेगवेगळ्या मालकांची असावीत. सेन्सरकडे दोनच कामं द्यावीत: सही करणं, आणि आपल्याकडे आलेला हुकूम खरंच वहीत आहे का हे तपासणं.

संस्था ओळखीच्या आणि मोजक्या असतील, आपल्या चौघांसारख्या, तर पीबीएफटीच्या कुळातली पद्धत उत्तम. सगळे प्रामाणिक आहेत, फक्त यंत्रं बंद पडतात, असं खात्रीने म्हणता येत असेल तर २०१४ ची राफ्ट पद्धत पुरते; ती खूप सोपी आहे आणि तीन यंत्रांत एक बंद पडलं तरी चालते. मात्र राफ्ट फितुरी पचवत नाही. ‘राफ्टवर चालणारी सुरक्षित ब्लॉकचेन’ असं कोणी सांगितलं, तर सुरक्षित कोणापासून, एवढा एक प्रश्न जरूर विचारावा.

गेटवेच हजारो असतील तर त्यांतून चिठ्ठ्या टाकून छोटी समिती निवडतात. सिल्व्हिओ मिकाली यांच्या अल्गोरँडमध्ये ही चिठ्ठी प्रत्येक जण स्वतःच, गुपचूप काढतो आणि निवड झाल्याचा पुरावा मतासोबतच दाखवतो, त्यामुळे आधी कोणाला गाठायचं हे हल्लेखोराला कळत नाही. पण समिती किती मोठी हवी, याचा हिशोब बारकाईने करावा लागतो. शंभर जणांची समिती ३३ फितूर पचवते. एकूण जाळ्यात २० टक्के गेटवे फितूर असतील, तर चिठ्ठीतून ३४ किंवा जास्त फितूर निवडले जाण्याची शक्यता हजारात एकापेक्षा कमी. तेच प्रमाण ३० टक्के झालं, तर शक्यता थेट पाचात एकावर जाते. वरवर पाहता ३० म्हणजे अजून एक तृतीयांशाच्या आतच की! समिती दर मिनिटाला बदलत असेल तर हजारात एकसुद्धा चालत नाही, दिवसाला १,४४० चिठ्ठ्या निघतात. म्हणून समित्या शंभराहून बऱ्याच मोठ्या ठेवाव्या लागतात.

आता सेन्सरचा तपास. समजा त्याला हुकूम आला, ‘इशाऱ्याची मर्यादा ८ वरून १२ कर.’ हा हुकूम खरा की वाहतूकदाराने घुसवलेला? अख्खी वही न वाचता हे कळायला मर्कल ट्री कामी येतं. पानावरच्या नोंदींचे दोन-दोन ठसे एकत्र करून त्यांचा ठसा, मग त्यांच्या जोड्यांचा ठसा, असं वर वर जात शेवटी एकच ठसा उरतो. पानावर दहा लाख नोंदी असल्या तरी त्यातली एक खरी आहे हे दाखवायला सुमारे २० ठसे लागतात. प्रत्येक ३२ बाइटचा, म्हणजे ६४० बाइट. वरच्या ठशावर समितीची जोडसही. दहा किलोबाइट रॅमच्या यंत्राला हे ठेवायला झेपतं, जरी जोडसही तपासायला त्याला साध्या सहीच्या कितीतरी पट वेळ लागत असला तरी. असे हुकूम महिन्यातून एखादाच येणार, तेवढं जागरण चालून जातं.

ट्रक नेटवर्कबाहेर गेला तर? सेन्सर आपल्या नोंदींना क्रमांक देतो आणि प्रत्येकीत आधीच्या नोंदीचा ठसा घालतो, म्हणजे स्वतःपुरती छोटीशी साखळी. सहा तासांनी नेटवर्क आलं की सगळ्या एकदम वहीत जातात आणि मधली एक गळाली तरी लगेच कळतं. मोजल्याची वेळ आणि वहीत आल्याची वेळ मात्र वेगवेगळ्या लिहाव्यात. साध्या क्वार्ट्झच्या घड्याळात दशलक्षात २० भागांची चूक धरली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि वर्षाला दहा मिनिटं इतका फरक पडतो.

सहमतीच्या आवाक्याबाहेरची एक गोष्ट उरतेच. कोणी सेन्सरशेजारी बर्फाची पिशवी ठेवली, तर तो इमानेइतबारे ४ अंश सांगेल, सही करेल, आणि चौघंही ते एकमताने वहीत लिहितील. नोंद अचूक, लस खराब. यावर इलाज बाहेर शोधावा लागतो: दोन-तीन जागी सेन्सर ठेवणं, खोकं उघडल्याचं कळवणारं सील, आणि वेगवेगळ्या मालकांच्या मोजमापांची तुलना.

आठ महिन्यांची झोप

सर्वांत नाजूक प्रश्न शेवटी ठेवला आहे. सेन्सर गोदामाच्या फळीवर आठ महिने बंद पडून होता. दरम्यान समिती तीनदा बदलली. आता तो जागा झाला, आणि त्याला माहीत आहेत ते आठ महिन्यांपूर्वीचे सदस्य. त्यांतल्या कोणाकोणाची जुनी की चोरीला गेली असेल, किंवा निवृत्त झालेल्या सदस्याने ती विकली असेल. अशा पुरेशा जुन्या की ज्याच्या हातात आल्या, तो त्या दिवसापासून पुढचा सगळा खोटा इतिहास बिनचूक सह्यांसह लिहू शकतो. तो या झोपाळू सेन्सरला अस्सल वहीइतकाच खरा दिसेल. प्रूफ ऑफ स्टेकच्या जगातही हीच भीती ओळखीची आहे. प्रूफ ऑफ वर्कमध्ये ती कमी, कारण खोटा इतिहास लिहायला वीज पुन्हा जाळावी लागते.

प्रत्येक समितीने पुढच्या समितीच्या नावांवर सही करून जायचं आणि मग आपल्या जुन्या की नष्ट करायच्या, हा अर्धा उपाय. उरलेला अर्धा गणितात सापडत नाही. सेन्सरला जास्तीत जास्त किती दिवस जुनी माहिती चालेल याची मुदत ठरवून द्यावी लागते, समजा तीस दिवस. मुदत उलटली असेल तर त्याने मोजत राहावं, सही करत राहावं, पण कोणाचाही हुकूम मानू नये. मग खोकं ट्रकमध्ये चढण्याआधी एका माणसाने तो सेन्सर हातात घ्यायचा, वाचकयंत्राला टेकवायचा, आणि आजच्या पानाचा ३२ बाइटचा ठसा चौघांपैकी किमान दोघांकडून स्वतंत्रपणे घेऊन त्यात भरायचा.